चेहरा आणला, गोष्ट कुठे आहे?

नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस 'कलर्स मराठी'वर 'अशोक मा. मा.' सुरू झाली. डिसेंबर उजाडताच 'स्टार प्रवाह'वर 'आई आणि बाबा रिटायर होत आहेत!' आली. एकीत अशोक सराफ, दुसरीत निवेदिता सराफ. नवरा एका वाहिनीवर, बायको दुसऱ्या. त्याच नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्नेचा करार पुरा झाला आणि या दोन्ही वाहिन्या एकाच मालकाकडे गेल्या. म्हणजे महाराष्ट्र भूषण मिळालेला नट आणि त्याची तितकीच गुणी बायको एकाच धन्याच्या दोन दुकानांत रोज उभी राहिली. पुढच्या ऑगस्टमध्ये 'झी मराठी'ने 'वीण दोघांतली ही तुटेना' आणली, त्यात सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान. 'बिग बॉस मराठी'च्या घराच्या चाव्या महेश मांजरेकरांकडून रितेश देशमुखकडे गेल्या. सिनेमातली मोठी नावं मालिकांकडे वळतायत, आणि वाहिन्या ती नावं झेंड्यासारखी मिरवतायत.

नटांनी मालिकेत यावं की नाही, हा माझा वाद नाही. जरूर यावं. माझा राग वेगळा आहे. चेहऱ्यावर पैसा ओतायचा आणि त्या चेहऱ्याने बोलायचं काय हे मात्र सेटवर सकाळी नऊला ठरवायचं, ही जी रीत पडली आहे, तिच्यावर माझा राग आहे. आणि ही रीत मोडण्याची ताकद ज्यांच्या हातात आहे ते मोठे नट गप्प राहतात, त्यांच्यावरही आहे.

आधी एक गैरसमज मोडू. सिनेमावाला मालिकेत दिसला की आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते. काम मिळत नसेल. दिवस फिरले असतील. हे बोलणं खोटं आहे आणि अपमानकारकही. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली, तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकांशी बोलायला अशोककुमार उभे राहिले. हिंदी सिनेमातलं त्याहून मोठं नाव त्या वेळी शोधावं लागलं असतं. 'शोले'नंतर अकरा वर्षांनी रमेश सिप्पींनी 'बुनियाद' केली. अमोल पालेकरांनी 1987 मध्ये 'कच्ची धूप' केली. रीमा लागू सिनेमातल्या प्रेमळ आईच्या भूमिकेत देशभर पोचल्या होत्या, तरी 'तू तू मैं मैं' आणि 'श्रीमान श्रीमती' त्यांनी जीव ओतून केल्या, आणि 2017 मध्ये गेल्या त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्या मालिकेचंच चित्रीकरण करत होत्या. अशोक सराफ तर 1995 मध्येच 'हम पाँच'मध्ये पाच पोरींचा बाप झाले होते. तेव्हा 'अशोक मा. मा.'ला 'छोट्या पडद्यावर आगमन' म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावं.

रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण मला सगळ्यात मोठं वाटतं. 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळालेली ही बाई. ईटीव्ही मराठीवरच्या 'चार दिवस सासूचे'मध्ये 2001 ते 2013 अशी अकरा वर्षं त्या उभ्या राहिल्या. तीन हजारांहून जास्त भाग. त्या मालिकेच्या लांबीबद्दल मी कितीही भांडेन, पण ज्या निष्ठेने त्यांनी ती आशालता देशमुख तोलून धरली तिच्यापुढे मान तुकवीन. पुढे 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा'ने बायकांच्या झुंडी थिएटरात आणल्या, तेव्हा त्या सहा जणींपैकी एक रोहिणीताई होत्या, दुसऱ्या 'आभाळमाया'च्या सुकन्या मोने होत्या. त्या बायकांना पाहायला आलेल्या प्रेक्षक बायका त्यांना घरातल्या टीव्हीवरून वर्षानुवर्षं ओळखत होत्या. मराठीत टीव्हीने सिनेमाला जेवढं दिलं आहे तेवढं सिनेमाने टीव्हीला दिलेलं नाही. कोण वरचा आणि कोण खालचा, ही भाषा मराठीत तरी बंद करा.

हिंदीत ती 3 जुलै 2000 लाच बंद व्हायला हवी होती. त्या एकाच रात्री स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाले. अमिताभ बच्चन तेव्हा कर्जाच्या ओझ्याखाली होते, सिनेमे पडत होते. टीव्हीने त्यांना पुन्हा उभं केलं. त्यानंतर शाहरुख, सलमान, आमिर, अनिल कपूर असे सगळे त्या दारातून आत आले.

पण जुन्या नावांच्या मागे काय होतं तेही पाहा. 'हम लोग' आणि 'बुनियाद' या दोन्हींच्या मागे मनोहर श्याम जोशी नावाचा एक लेखक होता, आणि तो हिंदीतला मान्यवर कादंबरीकार होता. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या स्वतःच्या 'अनुदिनी'वरून आली. केदार शिंदेंनी ती दिग्दर्शित केली आणि ती आठवड्यातून एकदा लागायची. टिपऱ्यांचं घर लोकांना आपलं वाटलं, कारण त्या घरातला प्रत्येक माणूस आधी कागदावर जगलेला होता. नट मोठा होताच, पण नटाच्या आधी लिहिलेला कागद टेबलावर पोचला होता.

आज टेबलावर काय असतं? जरा गणित करा. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग. म्हणजे दोन तास किंवा थोडं जास्त, म्हणजेच दर आठवड्याला एक पूर्ण सिनेमा. ज्या मराठी सिनेमाला तीस-चाळीस दिवसांचं चित्रीकरण लागतं, तेवढा ऐवज मालिकेचं युनिट सहा-सात दिवसांत काढतं. 'लक्ष्मी निवास'सारखी तासाची मालिका असेल तर दुप्पट. रविवारी 'महाएपिसोड' घातला की आणखी. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि तिघांच्या वर वाहिनीची मान्यता. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आली की सीन सेटवर पानापानाने येतात. नट मेकअपला बसलेला असतो आणि आज आपण कोणावर चिडणार आहोत हे त्याला ठाऊक नसतं.

पानं कमी पडली की काय होतं ते प्रेक्षक रोज पाहतो. कोणीतरी दारातून आत येतं. सहा माणसं उभी आहेत. कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो, पुन्हा पहिल्याकडे येतो, मागे संगीत आदळतं. एका वाक्याचा प्रसंग दोन मिनिटं ताणला जातो. यात तुमचा राज्य पुरस्कारवाला नटही डोळे विस्फारून उभा असतो. चाळीस वर्षांची कमाई त्याने या क्लोजअपसाठी केलेली नाही.

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते मोजणाऱ्या 'बार्क'ची यंत्रं देशभरात साधारण 55 हजार घरांत बसवलेली, त्यातली मराठी घरं किती असणार ते समजून घ्या. एवढ्या नमुन्यावरून ठरतं की बारा कोटींच्या महाराष्ट्राला काय आवडलं. आकडा घसरला की शुक्रवारी ट्रॅक बदलतो. कालपर्यंत समजूतदार असलेली मोठी जाऊ सोमवारी दुधात काहीतरी कालवू लागते. या बदलाला कारण लागत नाही, फक्त आकडा लागतो. आणि अशा बदलांत पहिला बळी जातो तो नटाने बांधत आणलेल्या माणसाचा, म्हणजे त्याच्या भूमिकेचा. सिनेमातून आलेल्या नटाला हे जास्त लागतं, कारण त्याला आरंभ, मध्य आणि शेवट माहीत असलेल्या माणसाची भूमिका करायची सवय असते.

'माझी तुझी रेशीमगाठ' आठवा. 2021 च्या ऑगस्टमध्ये श्रेयस तळपदे आणि प्रार्थना बेहेरे घेऊन ती आली. लहान मुलीला एकटीने वाढवणारी नेहा, तिच्यावर जीव जडलेला श्रीमंत माणूस, आणि त्या दोघांच्या मध्ये ती चिमुरडी परी. साधी, स्वच्छ गोष्ट होती. श्रेयसने तिच्यात हलकेपणा आणला, प्रार्थनाने थकलेल्या आईचा राग आणला. लग्नापर्यंत मालिका आनंदाने पाहावी अशी होती. लग्न झालं आणि गोष्ट संपली. मालिका मात्र संपली नाही. मग अपघात आला, मग हुबेहूब नेहासारखी दिसणारी अनुष्का आली. दोन चांगले नट संपलेल्या गोष्टीत महिनोन्‌महिने पाय ओढत राहिले. लग्नापाशीच थांबली असती तर ती मालिका आज आपण अभिमानाने मिरवली असती.

आता उसन्या गोष्टींबद्दल. 'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमोयी'वरून. 'सुख म्हणजे नक्की काय असतं', ज्यात वर्षा उसगांवकर होत्या, ती बंगाली 'के आपन के पर'वरून. उर्मिला कोठारे बऱ्याच वर्षांनी परतली ती 'तुझेच मी गीत गात आहे'मध्ये, तीही बंगालीवरूनच. 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून, 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून, 'लक्ष्मी निवास' कन्नडमधून, 'पारू' तेलुगूमधून, 'प्रेमाची गोष्ट' आणि 'नवरी मिळे हिटलरला' हिंदीतून. दुसऱ्या भाषेतलं घेऊ नये असं मी म्हणणार नाही. मराठी रंगभूमीने शेक्सपिअरपासून मोलिएरपर्यंत सगळं पचवलं आहे. पण एका भाषेच्या संध्याकाळच्या मोक्याच्या वेळा बाहेरच्या गोष्टींनी अशा भरल्या जाव्यात आणि त्या भाषेतले कथाकार घरी बसावेत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. वाहिन्यांना यात सोय दिसते. तिकडे चाललेली गोष्ट इथे चालेल, आकडा आधीच तपासलेला. मग वर मराठी चेहरा लावला की मालिका मराठी झाली.

या उसनवारीतही जे टिकलं ते लेखणीमुळेच टिकलं. 'आई कुठे काय करते'ची अरुंधती बंगालमधून आली, पण मुग्धा गोडबोलेंच्या संवादांनी तिला मराठी मध्यमवर्गीय घरात बसवलं आणि मधुराणी प्रभुलकरने ते संवाद जगून दाखवले. मधुराणी काही सिनेमाची तारका नव्हती. 'ठरलं तर मग' डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली आणि दीर्घकाळ मराठीत टीआरपीच्या शिखरावर राहिली. तिच्या मुख्य जोडीत, जुई गडकरी आणि अमित भानुशालीत, सिनेमाचा तारा कोण आहे? एकही नाही. मोठ्या नावावर मालिका चालते हे वाहिन्यांचं गृहीतक त्यांच्याच आकड्यांनी खोटं ठरवलं आहे. मोठं नाव पहिल्या आठवड्याची गर्दी आणतं. पुढची गर्दी गोष्ट आणते. उलट्या वाटेनेही हेच घडतं. 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व सूरज चव्हाणने जिंकलं, त्याला घेऊन 2025 मध्ये 'झापुक झुपूक' हा सिनेमा निघाला. टीव्हीवरचं अफाट प्रेम तिकीटबारीवर उतरलं नाही. पोराचा दोष नाही त्यात. चेहरा एकटा काही वाहून नेत नाही, ना इकडून तिकडे, ना तिकडून इकडे.

मोठे नट रिअॅलिटी शोमध्ये परीक्षक म्हणूनही येतात, त्या खुर्चीबद्दल दोनच वाक्यं. तिथे बसून हसणं आणि टाळ्या वाजवणं हे प्रामाणिक कमाईचं काम आहे, त्याबद्दल कोणाला कमी लेखू नये. पण त्याला अभिनयाचं पुनरागमन म्हणू नका.

मग काय चांगलं झालं आहे? झालं आहे, आणि ते मराठीतच झालं आहे. 2017 मध्ये 'झी युवा'वर 'रुद्रम' आली. गिरीश जोशींनी लिहिलेली, भीमराव मुडेंनी दिग्दर्शित केलेली. 'जोगवा' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई'सारखे सिनेमे केलेल्या मुक्ता बर्वेने त्यात नवरा आणि मूल गमावलेल्या बाईचा सूड उभा केला. गोष्ट काही महिन्यांची होती, तेवढेच महिने ती चालली आणि संपली. वाहिनी छोटी होती म्हणून प्रेक्षक कमी मिळाला, पण ज्यांनी पाहिली त्यांना ती आजही प्रसंगांसकट आठवते. अमक्याची सासू तमक्या भागात काय म्हणाली, हे कोणाला आठवतं? पुढे मुक्ता बर्वे आणि उमेश कामत यांची 'अजूनही बरसात आहे' 'सोनी मराठी'वर आली, तीही वर्षाच्या आत आटोपती घेतली. या बाईला कुठे थांबायचं ते कळतं, आणि ज्या वाहिन्यांनी तिला थांबू दिलं त्यांनाही माझा नमस्कार.

दुसरं उदाहरण 'तुला पाहते रे'. 2018 चा ऑगस्ट. 'बालगंधर्व' आणि 'लोकमान्य' करून झालेले सुबोध भावे चाळिशी ओलांडलेल्या उद्योगपतीच्या भूमिकेत, आणि समोर विशीतली नवखी गायत्री दातार. वयातल्या अंतरावरून टीका झाली, ती रास्त होती. मलाही सुरुवातीचा तो गुलाबी सूर पटला नाही. पण मालिका पुढे गेली आणि तिने नायकालाच खलनायक ठरवलं. विक्रांत सरंजामे हा प्रेमळ माणूस नसून लोभी आणि खुनी आहे, हे रोज रात्री साडेआठला घराघरांत सांगायला हिंमत लागते. सुबोधने ती हिंमत दाखवली. जुलै 2019 मध्ये, वर्ष भरायच्या आत, मालिका संपली. पुनर्जन्माचा भाग मला अजूनही नको वाटतो, पण गोष्ट मराठीत जन्मलेली होती आणि तिला शेवट होता. परिणाम काय झाला? कन्नडमध्ये ती 'जोते जोतेयली' झाली, तेलुगूत 'प्रेम एन्थ मधुरम' झाली, आणखीही भाषांत गेली. श्रेयसच्या 'रेशीमगाठ'चीही कन्नडमध्ये 'सीता राम' झाली. आपली स्वतःची गोष्ट बाहेर विकली जाते. ती लिहून घेण्याची तसदी घेतली तर.

म्हणून मोठ्या नटांना माझं सरळ सांगणं आहे. तुमच्या नावावर प्रोमो कापला जातो. तुमच्या होकारासाठी वाहिनी महिना-महिना थांबते. त्या महिन्यात तुमचा शब्द चालतो, सही केल्यावर चालत नाही. सेटवरच्या धाकट्या नटीला हा शब्द नाही. तिला काम केल्यावर पैसे हातात यायला नव्वद दिवस थांबण्याची रीत आहे, घरभाडं दर महिन्याला द्यायचं आहे, आणि ती तोंड उघडेल तर उद्या तिच्या भूमिकेला परगावी पाठवलं जाईल. लेखकाला तर कोणी विचारतच नाही. मागायचं असेल तर तुम्हीच मागू शकता.

सही करण्याआधी संपूर्ण गोष्ट कागदावर मागा, शेवटासकट. मालिका कोणत्या महिन्यात संपणार ते करारात लिहून घ्या; आकडा चांगला आला म्हणून वाढवायची असेल तर तुमची आणि लेखकाची दोघांची संमती लागेल, असंही लिहून घ्या. सीन आदल्या रात्री हातात आले पाहिजेत, हे मागा. ज्या प्रोमोत तुमचं नाव मोठ्या अक्षरात येतं त्याच प्रोमोत कथा-पटकथा-संवाद लिहिणाऱ्यांचंही नाव आलं पाहिजे, हे मागा. यात वाहिनीचा पैसा फारसा वाढत नाही.

आणि शिफ्टचे तास मागा, फक्त स्वतःसाठी नाही, लाइटवाल्यापासून आजीच्या भूमिकेतल्या वयस्कर बाईपर्यंत सगळ्यांसाठी. सप्टेंबर 2020 मध्ये साताऱ्यात एका मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान आशालता वाबगावकर यांना कोरोनाची लागण झाली आणि त्या गेल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावरची, गोव्याच्या मातीतली, रंगभूमी आणि सिनेमा गाजवलेली अभिनेत्री. महामारी होती, दोष कोणा एकावर टाकता येणार नाही. पण भाग रोज गेलाच पाहिजे या घाईने आपण किती वयस्कर कलाकारांना किती तास उभं करतो, याचा विचार त्या मृत्यूनंतर तरी व्हायला हवा होता. पुढच्या वर्षी टाळेबंदीत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा मालिकांची युनिटं गोव्यात गेली, तिथूनही मे महिन्यात उठावं लागलं. एवढी धावपळ एक दिवसही खंड पडू नये म्हणून. आठवड्यातून दोन भाग कमी दाखवले असते तर कोणत्या मराठी घरात चूल पेटली नसती?

मराठी प्रेक्षक थांबायला तयार असतो. टिपऱ्यांसाठी तो आठवडाभर थांबत होता. आजही चांगल्या नाटकाच्या प्रयोगासाठी महिना-महिना थांबतो. आठवड्यातून दोन दिवस लागणारी, सव्वीस किंवा बावन्न भागांची, मराठी लेखकाने मराठीत रचलेली मालिका आज एकाही मोठ्या वाहिनीने मोठ्या नटाला घेऊन करून पाहावी. न चालली तर मी याच जागी तसं लिहीन.

अशोक सराफांसारखा विनोदाची वेळ अचूक साधणारा नट आज रोज कॅमेऱ्यापुढे उभा राहायला तयार आहे, ही या वाहिन्यांना मिळालेली फार मोठी संधी आहे. अशा नटाला काल रात्री घाईत लिहिलेलं पान देणं हा त्याचा आणि आपला दोघांचा अपमान आहे. वाचकांनो, तुम्हीही एक करा. पुढच्या वेळी नव्या मालिकेचा प्रोमो लागला आणि त्यात ओळखीचा मोठा चेहरा दिसला, तर वाहिनीला एक ओळ लिहून विचारा: ही गोष्ट कोणी लिहिली आहे, आणि ती संपणार कधी?